एकट्याचं ताट

टायमबाबू रोज संध्याकाळी स्वतःलाच जेवायला बोलवत. स्टो बंद झाला की आतल्या खोलीतून मोठ्यानं हाक यायची, "चला जेवाले, ताट वाढलं." मग तेच टायमबाबू बाहेरच्या खोलीत येत, पेपरची उगाच घडी करत, "आलो, आलो" म्हणत, नळावर हात धूत आणि आत जाऊन पाटावर बसत. सौंसरच्या आमच्या गल्लीत ही हाक आली की साडेसात वाजले असं धरून चालत. आम्ही पोरं भिंतीआड उभं राहून त्यांच्या आधी "आलो, आलो" ओरडायचो. ते कधी रागावले नाहीत. "ये ना मंग," एवढंच म्हणत.

ते बस स्टँडवर टाइमकीपर होते, म्हणून टायमबाबू. गाडी आली की रजिस्टरात वेळ लिहायची, कंडक्टरच्या कागदावर सही करायची आणि सुटायच्या आधी दाराशी उभं राहून "सावनेर, नागपूर, सावनेर, नागपूर" अशी आरोळी द्यायची, हे त्यांचं काम. मूळचे पांढुर्ण्याकडचे. तिकडे त्यांच्या भावाचा संत्र्यांचा बगीचा होता. लग्न झालं होतं, पण बायको दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. पुन्हा लग्न का केलं नाही, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. माझी आई तेवढी म्हणायची, "मनातून नाही उतरली ती." त्यांचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं ते परदेशातून पाकिटावर पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा. आधी इतकी वर्षं शेजारी राहून मी ते विचारलंसुद्धा नव्हतं.

या माणसानं मला एकटं राहायला शिकवलं. आणि मी शहाण्यानं एक पत्र लिहून त्यांना एकटं पाडलं. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो ते यासाठीच. हे मी कुणाजवळ धड बोललेलो नाही.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेला. ब्याऐंशीच्या सुमारास मला मस्कतकडे नोकरी लागली. शहरात नाही, शहरापासून दोन-अडीच तास आत, पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून आईनं डोळ्याला पदर लावला. आमच्या घरात कुणी एकटं राहिलेलंच नव्हतं. वडील गेल्यावरही आई होती, थोरला भाऊ होता, वहिनी होती. मला चहासुद्धा करता येत नव्हता. आई उठली आणि टायमबाबूंकडे गेली. "भाऊजी, या पोट्ट्याले पंधरा दिवसांत काही तरी शिकवा. तिथं उपाशी मरंल हा."

टायमबाबू म्हणाले, "वहिनी, शिजवाले कोणीबी शिकते. एकट्यानं खाणं कठीण राह्यते."

मला वाटलं, आता हे प्रवचन देणार. पण नाही. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला तांदूळ निवडायला बसवलं आणि एका माणसाचा भात किती मुठी, ते माझ्याच मुठीनं मोजायला लावलं. "माझ्या मुठीचं तुले काय काम? तुझं पोट तुझ्या हातासंगं वाढलं हाय." भाकरी मला शेवटपर्यंत जमली नाही. बेसन जमलं, वरण जमलं, वांग्याची भाजी पाचव्या दिवशी खाण्याजोगी झाली. पण शिकवणीचा त्यांचा खरा विषय पुढे होता. भाजी झाली की मी भूक लागलेला माणूस, गंजातच, म्हणजे पातेल्यातच, चमचा घालायचो. एकदा त्यांनी गंज माझ्यासमोरून उचलला आणि स्टोवर परत ठेवून दिला.

"दिन्या, एक सांगून ठेवतो. गंजातून जेवाची सवय लागली की माणूस गेला. पहिले ताट जाते, मंग पाट जाते, मंग उभ्यानं खाते, मंग दाढी नाही करत. मी पाह्यले हायत असे. आपल्या डेपोतच दोघं होते."

"आणि ती हाक काऊन मारता, काका?" मी विचारूनच टाकलं. लहानपणापासून विचारायचं होतं.

त्यांनी ताट माझ्यासमोर सरकवलं. "बोलावल्याशिवाय कोणी जेवते काय बे?" म्हणाले आणि लोणच्याची बरणी पुढे केली.

शनिवारी त्यांची सुट्टी असे. त्या दिवशी सकाळी दाढी, अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि पहिल्या गाडीनं जामसांवलीच्या मारुतीला. पंधरा दिवसांत दोनदा मीही गेलो. मला वाटत होतं हे मारुतीचे मोठे भक्त. दर्शन पाच मिनिटांत आटोपलं आणि पुढचे तीन तास ते मंडपाबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत राहिले. मोहगावची एक म्हातारी सुनेची गाऱ्हाणी सांगत होती, ती त्यांनी अशी मन लावून ऐकली की सून त्यांचीच असावी. परतताना म्हणाले, "देवाले सांगाचं काहीच नसते माह्यापाशी. पण सुट्टीच्या दिवशी घरात बसाचं नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी माणसात जाचं. तिकडं शुक्रवारी सुट्टी राह्यते म्हणते. मंग शुक्रवारी दाढी पहिले, चहा नंतर."

निघायच्या दिवशी नागपूरची गाडी तेच सोडणार होते. आई मला ओवाळायला लागली, वहिनी लाडवांचा डबा विसरली म्हणून भाऊ घरी पळाला. टायमबाबूंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कंडक्टरच्या कागदावर सही केली आणि नेहमीसारखी आरोळी ठोकली, "सावनेर, नागपूर." गाडी टाइमावर सुटली. डबा राहिला. मी खिडकीतून बघत होतो, त्यांनी रजिस्टरातून मान वर केली नाही. मला इतका राग आला की सावनेर येईपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होतो. दोन मिनिटं थांबवली असती तर काय सरकार बुडणार होतं? आईच्या पत्रातून नंतर कळलं की त्या दिवशी रजिस्टरात त्यांनी नागपूरच्या गाडीची वेळ छिंदवाड्याच्या रकान्यात लिहिली होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली ती पहिली चूक म्हणे.

तिकडचं सांगायचं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं, हीच तिथली अडचण. चार पंप, एक जनरेटर, पत्र्याची एक खोली, खोलीत एसी. दर तासाला आकडे लिहायचे. अरबी पहारेकरी फाटकाशी बसे, त्याला माझं कळत नसे आणि मला त्याचं. आठवड्यातून एकदा सामानाची गाडी यायची. पहिले आठ दिवस मी शहाण्यासारखा राहिलो. मग एक दिवस ताट धुवायचा कंटाळा आला. मग गंजातून. मग उभ्यानं. दुसऱ्या महिन्यात आरशात पाहिलं तर कुणीतरी दाढीवाला माझ्याकडे बघत होता. एका शनिवारी सामानाची गाडी आली, ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून आवाजच निघेना. आदल्या दोन दिवसांत मी एक शब्द बोललो नव्हतो, घसा बसून गेला होता. तो माणूस घाबरला, मला पाणी दिलं. तो गेल्यावर मी खाटेवर बसून लहान मुलासारखा रडलो. आई हवी होती, गल्ली हवी होती, स्टँडवरची धूळसुद्धा हवी होती.

आईला हे लिहिणं शक्य नव्हतं. मी टायमबाबूंना लिहिलं. काका, माझ्याच्यानं होत नाही, करार मोडून परत येतो.

उत्तर यायला वीस दिवस लागले. त्यांच्या पत्राची तऱ्हा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. डोक्यावर देवाचं नाव नाही. "लिहायला घेतलं ५.४०" असं आणि खाली सहीशेजारी "संपलं ६.१५". सुरुवात शाळेतल्या मराठीत असायची, चौथ्या ओळीला गाडी आपल्या बोलीवर घसरायची. लिहिलं होतं, "चि. दिनकर यास आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. परत यायचे की नाही ते आपण नंतर पाहू. आधी खालील प्रश्नांची उत्तरे दे. जेवताना बसतो की उभा राह्यते? ताटात घेते की गंजातून? दाढी कवा केली? शुक्रवारी कुठं गेला होता? खरं खरं लिहिजो. आणि मुख्य म्हणजे, तुले जेवाले कोण बोलावते?"

मी खोलीच्या दाराला आतून कडी लावली. का लावली कुणास ठाऊक, फाटकावरचा पहारेकरी सोडला तर मैलभरात माणूस नव्हतं. दाढी केली, भात लावला, ताट घासलं. आणि मग म्हणालो, "चला जेवाले, ताट वाढलं." आवाज चिरका निघाला. लाज वाटली. पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. मग "आलो, आलो" म्हटलं आणि ते म्हणताना मला हसू फुटलं, कारण हे वाक्य मी भिंतीआडून शेकडो वेळा ओरडलेलो होतो. त्या दिवशी दोन महिन्यांनी जेवण चवीनं गेलं. कंपनीला द्यायला लिहून ठेवलेला राजीनामा मी फाडला.

मग पत्रांचा सिलसिला लागला. महिन्याला एक त्यांचं, एक माझं. ते परीक्षक आणि मी विद्यार्थी. शुक्रवारी मी चार किलोमीटर चालत बाजाराच्या गावात जायला लागलो, तिथं केरळचा एक फोरमन भेटला, त्याच्याकडे गप्पा, कॅरम. हे सगळं मी त्यांना तपशिलानं कळवायचो आणि त्यांचे शेरे यायचे. "कॅरम ठीक. पण त्यालेबी आपल्या इथं जेवाले बोलाव. नुसतं जाचं नाही, बोलावाचं बी." एकदा डिसेंबरात लिहिलं, "भावाकडून संत्र्यांची टोपली आली. मी संत्रं कधी एकटा नाही खात. एक सोललं की आर्धं डायवरले देतो. तिकडे संत्रं भेटते काय? भेटलं तर पहारेकऱ्याले आर्धं देजो." मी दिलं. पहारेकऱ्यानं दुसऱ्या दिवशी मला खजूर आणून दिले, आणि त्यानंतर आम्ही दोघं हातवारे करत खूप बोललो.

दीड वर्षात मी तयार झालो. पगार वाढला, अंगावर मांस चढलं, आणि डोक्यातही जरा हवा गेली. त्यातच मनात आलं, म्हातारा माणूस, माझी किती काळजी करतो, आता त्यांना मोकळं करावं. मी लिहिलं, "काका, आता मला सगळं जमतं. तुमची काळजी संपली. आता तुम्हाला विचारण्यासारखं काहीच उरलं नाही." हे वाक्य लिहिताना मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता.

त्याचं उत्तर आलं. "लिहायला घेतलं ५.४०. शाब्बास. तू पास झाला. माझं काम झालं. आशीर्वाद. संपलं ५.४२."

मी ते पत्र भिंतीवर चिकटवलं, सर्टिफिकेटासारखं. दोन मिनिटांचं पत्र का आलं, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. त्यानंतर त्यांचं पत्र नाही. मीही लिहिलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं ना! आईच्या पत्रांत ओळी यायच्या. टायमबाबू रिटायर झाले. टायमबाबू पांढुर्ण्याला भावाकडे राहायला गेले. पंधरा दिवसांत परत आले, म्हणतात भरल्या घरात झोप लागत नाही. टायमबाबू बरे आहेत. बरे आहेत म्हटल्यावर मी पुढच्या ओळीवर जायचो.

तिकडे दोन वर्षं भरल्यावर महिन्याभराची सुट्टी मिळाली. सौंसरला उतरलो ते संत्र्यांचे दिवस होते, स्टँडवर टोपल्याच टोपल्या. रजिस्टरापाशी कुणी नवाच माणूस. घरी लाड झाले, पहिल्या दिवशी माणसं हटेनात. साडेसात झाले, आठ झाले. मी आईला विचारलं, "टायमबाबू नाहीत का?"

"आहेत ना."

"हाक नाही आली."

आई म्हणाली, "बंद झाली ती कधीची. मी विचारलं त्यांना. म्हणे, गळा दुखते."

मी उठलो आणि न सांगता शेजारी गेलो. दार लोटलेलं होतं. टायमबाबू बनियनवर, स्टोपाशी उभे होते. दाढी चार-पाच दिवसांची. डाव्या हातात गंज आणि उजव्या हातात चमचा. मला पाहताच त्यांनी गंज पाठीमागे नेला, मास्तरांना पाहून पोरानं कॉपी लपवावी तसा. पण इथं मास्तर तर तेच होते, आणि मला तो प्रकार बघवेना.

"अरे, तू कवा आला? पाचच्या गाडीनं?" ते म्हणाले.

मी चिडलो. खरंच चिडलो. "काका, हे काय? मला काय काय लिहिलं होतं तुम्ही? ताट कुठं आहे तुमचं?"

त्यांनी गंज खाली ठेवला. पाटावर बसले, मलाही बसायची खूण केली. मग म्हणाले, "पहिले ड्युटी होती. टाइमावर जाचं म्हणून टाइमावर जेवाचं. मंग तू होता. तुले लिहाचं राहे, बसून जेव. मंग मी उभ्यानं जेवलो तं कोणत्या तोंडानं लिहू? म्हणून मी बी बसो. आता ड्युटी बी नाही, अन् तुले बी काही विचाराचं नाही राहिलं. कोणासाठी ताट काढू, सांग ना?"

त्यांच्या आवाजात गाऱ्हाणं नव्हतं, गाडी का उशिरा आली हे सांगावं तसं सांगितलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काळजी मिटवायला निघालो होतो, आणि त्या माणसाजवळ तेवढी एक काळजीच होती.

महिनाभर मी संध्याकाळी त्यांच्याकडे जेवलो. आईनं थोडी कुरकुर केली, मग गप्प बसली. स्वयंपाक मी करायचो, ते पाटावर बसून चुका काढायचे, आणि चुका निघत नाहीत म्हणून खट्टू व्हायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. शनिवारी आम्ही जामसांवलीला जाऊन आलो. एका संध्याकाळी पांढुर्ण्याचा भाऊ संत्री घेऊन आला, तर त्यालाही बसवलं. तो मला बाहेर बोलावून म्हणाला, "दादा किती दिवसांनी बोलून राहिला, बापा." बगीचा, भाव, मूग-कापूस सोडून त्यानं तेवढंच सांगितलं आणि गेला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "काका, एक गोष्ट तुम्ही शिकवलीच नाही. माणसं येऊन गेली, महिनाभर घर भरलं, आणि मग ती निघून गेली, तर दुसऱ्या दिवशी कसं राहायचं?"

टायमबाबूंनी भात कालवता कालवता हात थांबवला. "ते मले बी नाही येत," म्हणाले. "येत असतं तं शिकवलं नसतं काय?"

परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं. काका, माझा भात करपतो. आधी जमायचा, आता कोण जाणे काय झालं, खाली लागतो. विसाव्या दिवशी उत्तर हजर. "लिहायला घेतलं ५.४०, संपलं ६.५५." सव्वा तासाचं पत्र! जाळ किती, पाणी किती, झाकणावर वजन काय ठेवायचं, आणि खाली "तुझं ध्यान नाही" असा शेरा. पुढच्या महिन्यात माझं बेसन पातळ झालं. मग वांगं कडू निघालं. मग फोडणी जळली. माझ्यासारखा अडाणी स्वयंपाकी साऱ्या आखातात नसेल. इकडे केरळचा फोरमन माझ्या हातचं वरण खायला चार किलोमीटर चालत येत होता आणि तिकडे सौंसरला मी दर महिन्याला काहीतरी बिघडवत होतो. आईनं लिहिलं, टायमबाबू पुन्हा हाक मारायला लागले.

असं दोन वर्षांहून जास्त चाललं. एका पत्रात शेवटी त्यांनी लिहिलं, "एक सांगतो. सुट्टीत मी महिनाभर तुझ्या हातचा भात खाल्ला. एक शीत करपलं नव्हतं. मले काही दिसत नाही असं समजू नको. पण तू विचारत जाय. लिहाले बसलं की संध्याकाळ बरी जाते." मी विचारत राहिलो. आता दोघांनाही माहीत होतं, म्हणून प्रश्न उलट जास्तच मूर्खपणाचे विचारायला लागलो. वरणात मीठ जास्त पडलं तर काय करायचं, हे असंच एकदा विचारलं.

त्या पत्राचं उत्तर आलं ते आईच्या अक्षरात. वर वेळ नव्हती.

"चि. दिनकर, टायमबाबूंच्या नावाचं तुझं पत्र मी फोडलं, कारण घ्यायला ते नाहीत. सोमवारी पहाटे गेले. त्रास झाला नाही. आदल्या संध्याकाळी जेवून, ताट धुवून ठेवलं होतं. भावानं सगळं नीट केलं. तुझं पत्र वाचून मला नवल वाटलं, इतकी वर्षं झाली तरी तुला साधं वरण जमत नाही, आणि हे तू मला कधी कळवलं नाहीस. असो. मीठ जास्त झालं तर कणकेचा गोळा टाकून उकळायचं, मग गोळा काढून घ्यायचा. पुढे काही अडलं तर मला विचारत जा."

त्या संध्याकाळी मी वरण केलं आणि त्यात मुद्दाम दोन चमचे मीठ जास्त टाकलं. आईनं लिहिलं होतं तसा कणकेचा गोळा सोडला आणि पातेल्याकडे बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं तो वर आला. तो चमच्यानं काढला, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.